बोध आणि अलंकार : शालेय काव्यवाचनातील एका ताटातुटीचा इतिहास

(१)

मराठी शाळेत कवितेवर जे प्रश्न विचारले जातात त्यांचे फार दिवसांपासून दोन वर्ग पडलेले आहेत. पहिल्या वर्गातील प्रश्न कवितेपासून कोणता बोध मिळतो हे विचारतो. दुसऱ्या वर्गातील प्रश्न दिलेल्या चरणातील अलंकार ओळखावयास सांगतो. पहिल्याचे उत्तर विद्यार्थी नीतीच्या भाषेत देतो, दुसऱ्याचे व्याकरणाच्या. बोध लिहिताना अलंकाराचे स्मरण ठेवावे लागत नाही आणि अलंकार ओळखताना कवितेच्या अर्थाकडे पाहावे लागत नाही. दोन्ही उत्तरे बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी कविता न वाचताही शाळेबाहेर पडू शकतो, आणि पुष्कळदा पडतोही.

हा विभाग स्वाभाविक आहे, मुलांच्या वयाला तोच मानवतो, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो ऐतिहासिक आहे. त्याला आरंभ आहे, त्याची कारणे सांगता येतात, आणि त्यापूर्वी कविता शिकण्याची जी रीत होती तीत हा भेद ह्या स्वरूपात नव्हता. प्रस्तुत निबंधात ह्या ताटातुटीचा मागोवा घ्यावयाचा आहे. तीन गोष्टींकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो : नीतिकथेच्या शेवटी येणारे ‘तात्पर्य’ कवितेला जोडले जाणे, संपूर्ण काव्याच्या जागी ‘वेचा’ येणे, आणि वृत्तालंकारांचा विचार अर्थविचारापासून सुटून ओळखपरेडीसारखा होणे.

(२)

प्राचीन साहित्यशास्त्राने उपदेशाला काव्याबाहेर घालविले नव्हते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना उपदेशाचा स्पष्ट अंतर्भाव केला आहे; मात्र त्याने त्या उपदेशाची जात सांगितली. परंपरेने उपदेशाचे तीन प्रकार मानले : वेदांची आज्ञा प्रभुसंमित, म्हणजे धन्याच्या हुकुमासारखी, पुराणेतिहासांचे सांगणे सुहृत्संमित, म्हणजे मित्राच्या सल्ल्यासारखे, आणि काव्याचा उपदेश कान्तासंमित, म्हणजे प्रिय व्यक्तीने मन वळवावे तसा. ह्या वर्गीकरणाचे मर्म असे की, तिन्ही ठिकाणी सांगावयाची गोष्ट एकच असू शकेल. फरक सांगण्याच्या रीतीत आहे. रीत वजा केली तर काव्याच्या उपदेशाचे विशेषत्वच उरत नाही. म्हणजे ‘काय सांगितले’ आणि ‘कसे सांगितले’ ह्यांची फारकत ह्या विचारात मुळातच बसत नाही.

अलंकारांची यादी पाहिली तरी हेच प्रत्ययास येते. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे अलंकार शाळेत प्रथम शिकविले जातात. म्हणून अलंकार म्हणजे सजावट अशी समजूत दृढ होते. परंतु दृष्टान्त, अर्थान्तरन्यास आणि अन्योक्ती हे अलंकार घ्या. सामान्य विधानाने विशेषाचे किंवा विशेषाने सामान्याचे समर्थन करणे म्हणजे अर्थान्तरन्यास. एका विधानाचे प्रतिबिंब दुसऱ्यात पडावे अशी जुळणी करणे म्हणजे दृष्टान्त. एकाविषयी बोलून दुसऱ्याला लागू करणे म्हणजे अन्योक्ती. ह्या तिन्ही ठिकाणी बोध हाच अलंकाराचा एक अवयव आहे. अर्थान्तरन्यासातून सामान्य विधान काढून घेतले तर अलंकार मोडतो. आणि ते विधान एकटेच फळ्यावर लिहिले तर उरते ती म्हण. ज्या विशेष प्रसंगाने त्या विधानाला वजन आले तो प्रसंग निघून गेलेला असतो.

‘तात्पर्य’ ह्या शब्दाचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. ‘तत्पर’ ह्यापासून साधलेला हा शब्द. ज्याच्याकडे वाक्याचा रोख असतो, ज्यासाठी ते बोलले जाते, ते तात्पर्य. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसक आणि वेदान्ती ह्यांनी सहा गमके सांगितली : उपक्रम व उपसंहार ह्यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ही गमके लावावयाची तर ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचावा लागतो. काय पुन्हा पुन्हा आले, नवे काय सांगितले, कशाची स्तुती केली, कोणती युक्ती लढविली, हे पाहावे लागते. तात्पर्य ही अशी वाचनाच्या शेवटी हाती येणारी गोष्ट होती. शाळेत पुढे ती वाचनाच्या जागी येऊन बसली.

(३)

इंग्रजी अमलाच्या आरंभी महाराष्ट्रात पंतोजीच्या शाळा होत्या. धुळाक्षरे, उजळणी, पाढे आणि सायंकाळची पर्वचा हा तेथील क्रम सुपरिचित आहे. पद्य तेथे मुख्यतः मुखोद्गत होई. समर्थ रामदासांचे (१६०८–१६८१) ‘मनाचे श्लोक’ ह्या पाठांतरात अग्रभागी असत. भुजंगप्रयात वृत्तातील हे २०५ श्लोक. प्रत्येक चरणात चार य-गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु ह्या एकाच मापाची चार आवर्तने. अर्थ कळण्यापूर्वीच जिभेला वळण पडावे अशीच ह्या वृत्ताची घडण आहे.

ह्या श्लोकांची संबोधनरचना ध्यानात घेण्याजोगी आहे. कवी उपदेश करतो तो स्वतःच्या मनाला. क्रियापदे द्वितीय पुरुषाची असली तरी बोलणारा आणि ऐकणारा एकाच देहात आहेत. मूल जेव्हा हा श्लोक स्वतः म्हणते तेव्हा तेही आपल्याच मनाशी बोलू लागते. म्हणणाऱ्याच्या तोंडी उपदेशकाची आणि श्रोत्याची अशा दोन्ही भूमिका येतात. तोच श्लोक शिक्षकाने वर्गापुढे उभे राहून ‘ह्यावरून तुम्ही काय शिकावे’ अशा प्रस्तावनेने समजावला म्हणजे ह्या दोन भूमिका दोन व्यक्तींत वाटल्या जातात. शब्द तेच राहतात. उक्तीचा प्रकार बदलतो. कान्तासंमिताचे प्रभुसंमित होते ते असे.

पाठांतराने अर्थबोध होई असे म्हणण्याचा हेतू नाही. पुष्कळ मुलांना तो होत नसे. पण अर्थ उलगडण्याचे दुसरे स्थळ समाजात होते, ते म्हणजे कीर्तन. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन सामान्य सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी आख्यान लागते. ही संपूर्ण रचना एका विस्तृत अर्थान्तरन्यासाची आहे. श्रोत्याला अलंकाराचे नाव माहीत नसेल. पण सिद्धान्त आणि प्रसंग ह्यांचा परस्परसंबंध तो दोन-तीन घटका प्रत्यक्ष अनुभवीत असे. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनकारांच्या तोंडी रुळल्या ह्याचे एक कारण हेही असावे.

अर्थात् ही व्यवस्था सर्वांना खुली नव्हती. पंतोजीच्या शाळेत मुली नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना मज्जाव होता. पुढे जे गमावले त्याचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

(४)

मुंबईत १८२२ साली ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ स्थापन झाली आणि छापील शालेय पुस्तकांचा काळ सुरू झाला. ह्या मंडळीच्या कार्याशी निगडित असलेले सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे (१७८८–१८३०) ह्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली निघाली. ती दोन्ही भाषांतरित होती आणि दोन्ही मराठी गद्याच्या इतिहासात महत्त्वाची आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने इसापनीतीचा एक विशेष नोंदविला पाहिजे. नीतिकथेत कथा संपते आणि मग, वेगळ्या परिच्छेदात, तिचे सार येते. कथा प्राण्यांची, सार माणसांचे. कथा भूतकाळी, सार नित्य वर्तमानात. दोहोंमध्ये कोरी जागा असते.

ही कोरी जागा नीतिकथेला शोभते, कारण तो वाङ्मयप्रकारच तसा आहे. आपल्याकडील पंचतंत्र-हितोपदेशातही कथा व सुभाषित ह्यांचे सांधे उघडे दिसतात. परंतु शालेय पुस्तकात गद्यकथा आणि कविता शेजारी शेजारी छापल्या गेल्या, एकाच शिक्षकाने एकाच तासिकेच्या रीतीने त्या शिकविल्या, आणि कथेला लावलेला प्रश्न कवितेलाही लागू झाला. कवितेच्या शेवटी छापील तात्पर्य नसेल तर ते शिक्षकाने पुरवावे अशी अपेक्षा निर्माण झाली. कवितेत सिद्धान्त आणि प्रसंग ह्यांच्यामध्ये कोरी जागा नसते हा भेद ह्या व्यवहारात पुसला गेला, असे माझे अनुमान आहे.

ह्याच सुमारास वाचनाचे साधनही बदलले. पोथीत दंडाखेरीज विरामखूण क्वचितच असे. कोठे थांबावे हे वृत्तातील यती सांगे. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) ह्यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी मुद्रणात विरामचिन्हे रुळू लागली. गद्याला त्याचा लाभ झाला हे निर्विवाद आहे. पद्याच्या बाबतीत मात्र कानाने ओळखावयाची गोष्ट डोळ्यांनी ओळखण्याची सवय लागली.

(५)

१८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले (१७९९–१८७४) ह्यांनी सिद्ध केलेला ‘नवनीत’ हा मराठी कवितांच्या वेच्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. हस्तलिखित पोथ्यांत विखुरलेली प्राचीन कविता त्याने छापील स्वरूपात विद्यार्थ्याच्या हाती दिली, कवींची माहिती दिली, आणि अनेक आवृत्त्यांतून काही पिढ्यांची काव्याभिरुची घडविली. मराठी काव्याची परंपरा म्हणजे कोणते कवी हे ठरविण्यात ‘नवनीता’चा वाटा फार मोठा आहे.

परंतु वेचा ह्या प्रकाराचे काही अटळ परिणाम असतात. आख्यानातून श्लोक निवडला म्हणजे तो कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटला हे मागे राहते. ‘केकावली’तील सत्संगतीचे मागणे करणारा श्लोक हे ह्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ‘केकावली’ म्हणजे मोराच्या केकांची माला. मयूर कवीने ईश्वरापुढे केलेला तो आर्त आक्रोश आहे. त्या श्लोकातील क्रियापदे आज्ञार्थाच्या तृतीयपुरुषी, ओकारान्त रूपांत आहेत. मराठीत हे रूप प्रार्थना, आशीर्वाद किंवा शाप ह्यांसाठी येते. त्यात कर्त्याला हुकूम नसतो, घडावे अशी याचना असते. कवी म्हणतो ते असे की, हे आपल्या हातून होण्यासारखे नाही, म्हणून ते घडून येवो. शाळेत प्रार्थना म्हणून हा श्लोक म्हटला जातो तोवर हा अर्थ शाबूत असतो. ‘सज्जनांची संगत धरावी’ असा त्याचा बोध लिहिला की ‘-ओ’च्या जागी ‘-आवे’ येते. याचनेचा विधी होतो. ज्या असमर्थतेच्या जाणिवेतून श्लोक जन्मला तीच नाहीशी होते आणि उरतो तो कोणत्याही भिंतीवर लिहिता येईल असा सुविचार.

एका प्रत्ययाचा हा फरक व्याकरणाच्या तासाला शिकविला जातो आणि कवितेच्या तासाला विसरला जातो. शास्त्र दोन्ही ठिकाणी एकच आहे.

‘नवनीत’ निघाले त्याच वर्षी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुले ह्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८४८ पासून पुण्यात मुलींना व पुढे शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षिकेची ही कविता आहे. तीत फुलांवरील रचना आहेत आणि विद्या संपादन करण्याचे रोखठोक आवाहनही आहे. येथील बोध उघड आहे, पण तो नित्य वर्तमानातील निनावी सत्य म्हणून येत नाही. तो विशिष्ट माणसांना, ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांना, उद्देशून आहे. ‘शिका’ हे आज्ञार्थी रूप तेथे ज्या श्रोत्यासाठी येते त्याने ते पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. हुकमी रूपाचा अर्थ येथे हक्क असा होतो. एकाच सालातील ही दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे ‘बोध कोणता’ ह्या प्रश्नाबरोबर ‘कोणाचा, कोणाला’ हे दोन प्रश्न किती आवश्यक आहेत ते कळते. शालेय वेच्यांच्या परंपरेने पहिला प्रश्न ठेवला आणि दुसरे दोन दीर्घकाळ टाकून दिले.

(६)

१८५५ साली शिक्षणखाते आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षा ही आता शिक्षणाची मध्यवर्ती संस्था बनली. परीक्षेला मोजता येण्यासारखी उत्तरे हवी असतात. वृत्त ओळखणे ह्या दृष्टीने सोयीचे : गण पाडा, नाव लिहा. गोडबोल्यांचेच ‘वृत्तदर्पण’ हे पुस्तक छंदःशास्त्राच्या अध्ययनात दीर्घकाळ आधारभूत राहिले. अलंकारांचेही पुढे तसेच झाले. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द ही चार अंगे दाखविली की उत्तर पुरे होई. व्याकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीस वृत्तालंकारांची प्रकरणे जोडण्याची प्रथा रूढ झाली. ह्या विषयाचे पांडित्य मराठीत क्षीण नव्हते. माधव त्रिंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन ह्यांच्या ‘छंदोरचना’ ह्या प्रबंधाची योग्यता आजही मान्य आहे. उणीव होती ती हे ज्ञान कवितेच्या अर्थाकडे परत नेण्याची.

इंग्रजी काव्याच्या परिचयाने नवे अलंकार आणि नव्या संज्ञा आल्या. अचेतनावर चेतनाचे गुण आरोपिणारी ‘चेतनगुणोक्ती’ ही त्यांपैकी प्रमुख. केशवसुतांपासून (१८६६–१९०५) कविता आत्मनिष्ठ झाली, निसर्गकविता आली. आणि शाळेने तिलाही जुनेच दोन प्रश्न विचारले.

(७)

ह्या प्रश्नांची अपुरेपणा दोन सुप्रसिद्ध शालेय कवितांवरून दाखविता येईल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचली. घायाळ पक्षीण अखेरचा घास घेऊन कशीबशी घरट्याकडे येते, पिलांशी बोलते आणि प्राण सोडते. बोध ठरलेला : मुक्या प्राण्यांवर दया करावी. आता वृत्ताकडे पाहू. कवितेचा आरंभ पृथ्वी वृत्तात आहे, म्हणजे ‘केकावली’च्याच वृत्तात. चरणाची अक्षरे १७. गण ज, स, ज, स, य आणि शेवटी लघु-गुरु. यती आठव्या अक्षरावर. पहिल्याच चरणात कवीने दोन-दोन अक्षरांची क्रियापदे एकापुढे एक ठेवली आहेत आणि पक्षिणीचे पडणे-उठणे नेमके यतीपाशी येऊन थांबते. यतीनंतर पुन्हा बळ एकवटून उड्डाण. वाचणाऱ्याचा श्वास जेथे अडतो तेथेच तिचे पंख अडतात.

कवितेचा अखेरचा श्लोक वसंततिलका वृत्तात आहे. धापा टाकणारी पृथ्वी संपून १४ अक्षरांचे संथ वृत्त येते, आणि त्यात पंख, उदर, चोच, पाय अशी निश्चल शरीराची केवळ नोंद होते. दयेचा उपदेश त्या श्लोकात कोठेही नाही. क्रौर्याचा उच्चार शीर्षकात आहे. अंती आहे तो देह. कवीने जी जागा रिकामी ठेवली ती वाचकाने आपल्या मनाने भरावयाची आहे. मार्गदर्शकाने ती वाचनापूर्वीच भरून दिली तर विद्यार्थ्याला करावयास काही उरत नाही. वृत्तांतर ओळखणे आणि करुणा जाणवणे ही येथे एकच क्रिया आहे. तिचे दोन प्रश्न केले की दोन्ही निर्जीव होतात.

दुसरे उदाहरण बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ह्या कवितेचे. आठ ओळींची ही कविता. गाव, शेतमळे, पाऊलवाट, डोह आणि अखेर पाण्यात पाय सोडून बसलेला वृक्ष. ‘बोध कोणता’ ह्या प्रश्नाला येथे उत्तरच नाही. अलंकाराच्या प्रश्नाला आहे : चेतनगुणोक्ती. परंतु ह्या कवितेविषयी समीक्षकांत जो प्रदीर्घ वाद झाला, की हे चित्र प्रसन्नतेचे की उदासीनतेचे, विरक्तीचे की शांतीचे, तो सारा ह्या एका चेतनगुणोक्तीभोवतीच फिरतो. पाण्यात पाय सोडून बसणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो? विसावलेला, थकलेला, की सर्व पाहून झालेला? वृक्षावर कोणता गुण आरोपिला हे ठरविल्यावाचून अलंकार ‘ओळखला’ असे म्हणता येत नाही. आणि ते ठरविणे म्हणजेच कवितेचा अर्थ लावणे.

(८)

विसाव्या शतकात शालेय पुस्तकांच्या संपादकांनी ह्या कोंडीतून वाट काढण्याचे प्रयत्न केले. चौथ्या दशकात निघालेल्या प्र. के. अत्रे ह्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलांच्या भावविश्वाला व समकालीन लेखनाला स्थान दिले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ’, म्हणजे ‘बालभारती’, स्थापन झाली. पुढील काळात निवडीचा पैस वाढला आणि पूर्वी न ऐकलेले आवाज पुस्तकात आले. अलीकडे प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली व रसग्रहणाला महत्त्व मिळाले. तरीही ‘कवितेतून मिळणारा संदेश’ आणि ‘भाषिक वैशिष्ट्ये’ हे मुद्दे बहुधा वेगवेगळ्या ओळींवरच राहिले. ‘बोधा’चे नाव ‘संदेश’ झाले. कोरी जागा कायम आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. बालकाला सरळ नीतिपाठ हवा, सूक्ष्म अर्थविचार हा वरच्या वर्गांचा विषय, असे म्हटले जाईल. नीतिपाठाची आवश्यकता मी नाकारीत नाही. महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना प्राथमिक अभ्यासक्रमात लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे ज्ञान ह्यांबरोबर नीती व आरोग्य ह्यांवरील काही पाठ असावेत अशी मागणी केली होती. ती व्यवहार्य आणि प्रामाणिक आहे : नीती शिकवावयाची तर नीती म्हणून शिकवावी. कवितेला नीतिपाठाचे वाहन करण्यात दोहोंची हानी होते. नीती तर्काने तपासली जात नाही, कारण ती कवितेच्या आड उभी असते. आणि कविता ऐकली जात नाही, कारण सर्वांचे लक्ष तिच्या मागे दडलेल्या नीतीकडे असते.

शिवाय बालकाला सूक्ष्म भेद कळत नाही हे गृहीतच सदोष आहे. ‘घडो’, ‘घडावे’, ‘घडव’ आणि ‘घडेल’ ह्यांतील फरक मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच बोलण्यात पाळते. आई ‘येवो’ म्हणाली की ‘ये’ म्हणाली हे त्याला बरोबर समजते. हेच ज्ञान कवितेपाशी वापरण्यास त्याला कोणी सांगत नाही, एवढेच.

(९)

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. बोध आणि अलंकार ह्यांची फारकत काव्याच्या स्वरूपातून आलेली नाही. नीतिकथेचे तात्पर्य, वेच्याची पद्धत आणि परीक्षेची सोय ह्या एकोणिसाव्या शतकातील तीन कारणांच्या संगमातून ती आली. तिन्हींचा उपकारही मोठा आहे, कारण त्यांच्याविना छापील पुस्तक आणि सार्वत्रिक शाळा ह्यांची कल्पना करता येत नाही. परंतु जे इतिहासाने घडविले ते अभ्यासाने सुधारता येते.

ह्या दिशेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी काम पुष्कळ आहे. शालेय क्रमिक पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या एकत्र करून कवितेखालील प्रश्नांचीच एक सूची तयार झाली, आणि त्या प्रश्नांतील क्रियापदे, म्हणजे ‘शिका’, ‘ओळखा’, ‘सांगा’, ‘लिहा’, ‘वाटते’, कालक्रमाने मांडली, तर आपण मुलांना कविता वाचण्याची कोणकोणती रीत सांगत आलो हे पुराव्यानिशी दिसेल. कवितांच्या निवडीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. प्रश्नांवर फार थोडे. वर्गात शिकविणाऱ्याला तोवर एवढे करता येईल : बोध विचारण्यापूर्वी, ही कविता कोण कोणाशी बोलत आहे आणि क्रियापदाचे रूप कोणते आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाला कवितेकडे परत जावे लागते.